मोतुरूनाच्या चुलीचं तोंड

जळक्या डायपरचा वास कसा असतो हे ज्यांना ठाऊक नाही, ते भाग्यवान. मला तो ठाऊक आहे, आणि तोही उणे पन्नास अंशांच्या थंडीतला. तेव्हा वारा मेलेला असतो. धूर वर जायला निघतो, छपराच्या थोडा वर जाऊन थकतो आणि परत खाली, माणसांच्या नाकाशी येऊन बसतो. त्या हिवाळ्यात तो वास माझ्या समोरच्या घरातून येत होता. ते घर मोतुरूनाचं. जी बाई जन्मात कधी चुलीकडे तोंड करून खोकली नाही, तिच्या घराचं धुराडं तसलं काहीतरी ओकत होतं.

मोतुरूनाला मी पहिल्यांदा पाहिलं ते रंगमंचावरून. तेव्हा आमची नाटक मंडळी ट्रकच्या बंद खोक्यात बसून लेना नदीकाठच्या फार्मांवरून हिंडायची. एका गोपालन फार्मच्या लांबट खोलीत आमचा खेळ होता. थंडी अशी की पडदा गोठून पत्र्यासारखा वाजत होता. मी राजकन्या. प्रियकराला निरोप द्यायचा प्रवेश, आणि माझे ओठच हलेनात. तोंड उघडलं की शब्दाऐवजी नुसती वाफ. पुढच्या बाकावरून एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई उठली. कोपऱ्यातल्या शेगडीशी गेली, दार उघडून चार ओंडके आत सारले, हात झटकले आणि जागेवर परत येऊन म्हणाली, “आता बोला, बाई. तो काही लगेच निघत नाहीये.”

खोली हसून फुटली. माझा प्रियकर पाठ फिरवून हसत होता, मीही हसले, आणि त्या हसण्यानंच माझे ओठ सुटले. पुढे मोठ्या शहरात, मखमली पडद्याचं नाट्यगृह मिळालं, फुलं मिळाली, पण तसा प्रेक्षक नाही मिळाला.

मोतुरूना त्या फार्मवर वासरं सांभाळायची. नुकतं जन्मलेलं वासरू आमच्याकडे हिवाळ्यात उघड्यावर गेलं तर आईनं चाटायच्या आत त्याचे कान गोठून गळतात. म्हणून वासरांच्या गोठ्यात चूल असायची, आणि ती विझू न देणं हे मोतुरूनाचं काम. ते तिनं म्हातारी होईपर्यंत केलं. नवरा मेहेले सुतार होता. त्यानं घर बांधलं तेव्हा आधी मधोमध चूल उभी केली आणि मग तिच्याभोवती भिंती रचल्या, असं ती सांगायची. पुरुषभर उंचीची विटांची चूल, एक अंग स्वयंपाकाकडे, एक निजायच्या खोलीकडे. दरवर्षी शरद ऋतूत मोतुरूना तिला मातीनं लिंपायची, चुना द्यायची. मेहेले गेला, मुलगी तुयारा लग्न होऊन शहरात गेली, तरी चुना चुकला नाही.

आमची मंडळी मोडली, माझा आवाज बसला, तेव्हा तिनंच मला या गावी, कुओल-बासाला, बोलावून घेतलं. समोरचं रिकामं घर दाखवलं. मी खिडक्या बघत होते आणि ती माझ्या चुलीत डोकं घालून बसली होती. बाहेर आली ती तोंडभर काजळी घेऊन.

“घे हे घर,” म्हणाली. “ही धूर ओढते चांगली.”

तिची सकाळ मी माझ्या खिडकीतून ओळखायची. आधी राख काढणं. मग धुराड्याची झडप उघडणं. मग लार्चच्या लाकडाच्या बारीक ढलप्या, त्यावर जाड लाकूड. निखारे सारायला लाकडाचीच काठी, कारण लोखंडाचं टोक आगीच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात जातं. तो म्हातारा आमच्या प्रत्येक चुलीत राहतो. आमच्याकडे त्याला आजोबाच म्हणतात. विस्तव धरला की मोतुरूना आलाडी करायला घ्यायची. आलाडी म्हणजे मैद्याची जाड, लुसलुशीत धिरडी. पहिली आलाडी लोणी लावून चुलीत. “खा, आजोबा. घरावर लक्ष ठेवा.” एवढाच मंत्र. मग स्वतः खायची.

दोन वर्षांपूर्वी पाण्यासाठी बर्फाची लादी ओढताना ती घसरली आणि मनगट मोडलं. तुयारा शहरातून धावत आली. तुयारा वाईट मुलगी नाही, पण तिला काळजी आली की ती रागावते.

“पुरे झालं, आई. पाचव्या मजल्यावर माझं घर आहे, नळाला गरम पाणी, भिंतीला गरम नळ्या. चल माझ्याबरोबर.”

“मी तिथं काय करू?”

“बसायचं!”

“बसायला मी काय गवताची गंजी आहे?”

भांडण संपलं ते एका अटीवर. घरात कुणीतरी धडधाकट माणूस राहायला हवं. तसं कुणी असेल तोवर मोतुरूना इथे, नसेल त्या दिवशी शहरात. तुयारानं हे माझ्यासमोर बजावलं आणि आईकडून कबूल करून घेतलं. मग माणूस शोधला: मोतुरूनाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा एर्चिम. चाळिशीचा, देखणा, बायको नारिया आणि तान्हं मूल. शहरातली त्याची नोकरी सुटली होती. मावशीचं घर उबदार होतं, आणि मावशी घरभाडं मागणारी नव्हती.

पहिल्या दिवशी एर्चिमनं अंगणात लाकडं फोडली ती बघत राहावीत अशी. गोठलेलं लार्च कुऱ्हाडीच्या एका घावात काचेसारखं उडतं. तो शर्ट उघडा टाकून फोडत होता आणि प्रत्येक घावाला कुंपणापलीकडे कोण बघतंय ते बघत होता. मी मनात म्हटलं, हा गडी नाटकात यायला हवा होता. दुसऱ्या दिवसापासून त्याची पाठ दुखायला लागली.

आणि थोड्याच दिवसांत त्याला चुलीचा नवा उपयोग सापडला.

गावाच्या उकिरड्याकडे जाणारी वाट हिवाळ्यात बर्फाखाली जाते. कचरा पडवीत पोत्यात भरून ठेवायचा, गोठलेल्याला वास येत नाही, आणि वसंतात वाट मोकळी झाली की न्यायचा. आमची सगळ्यांची हीच रीत. एर्चिमला ती मागासलेली वाटली. दुधाचे खोके, तेलाच्या बाटल्या, सॉसेजची प्लास्टिकची सालं, फाटका रबरी बूट, बाळाचे डायपर, सगळं तो चुलीत कोंबायला लागला. वाळकं लाकूड आणायला पडवीत जायला नको, कचऱ्याचं पोतं भरायला नको. एका दगडात दोन पक्षी आणि दोन्ही कुजके.

“हे काय चाललंय?” मोतुरूनानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथं चहाला बसले होते.

“मावशी, प्लास्टिक म्हणजे काय? तेलच ते. तेल जळतं, ऊब देतं. ऊब ती ऊब.”

“ओकारीही गरम असते. अंगाला फासतोस का?”

तो हसला. त्याचं हसणं गोड होतं, तेच तर वाईट. “अगं, जुन्या काळी प्लास्टिकच नव्हतं, म्हणून आजोबांना त्याची सवय नाही. होईल.”

नारिया बिचारी मान खाली घालून बाळाला थोपटत होती. तिनं डायपर पडवीतल्या पोत्यात टाकून पाहिले, पण पोतं दिसलं की एर्चिम तेही आत ढकलायचा.

मोतुरूना ओरडली, रुसली, एकदा तर चुलीच्या दारासमोर स्टूल टाकून बसून राहिली. पण माणसाला कधीतरी उठावं लागतं. ती दुकानात गेली की मागे धूर काळा व्हायचा.

त्या धुराचं काय सांगू? आमच्याकडे प्रत्येक अंगणात बर्फाच्या लाद्या रचलेल्या असतात. हिवाळा लागताना तळ्यातून कापून आणायच्या आणि वर्षभर वितळवून प्यायच्या. स्वच्छ, निळसर, आतून उजेड दिसावा अशा. माझ्या लाद्यांवर एके सकाळी काळी तेलकट फुलपाखरं बसलेली. बोटानं पुसायला गेले तर पसरली. चहा केला, त्याला जळक्या बुटाची चव. मी तो अंगणात ओतला आणि तशीच समोर गेले.

एर्चिम पायरीवर उभा होता, पांढऱ्या कातड्याची उंच टोपी घालून, हातात घोड्याच्या शेपटीची चवरी. कारण हे सांगायचं राहिलंच: गावात येऊन एर्चिम अग्नीला आशीर्वाद म्हणणारा झाला होता. आवाज भरदार, जुने शब्द पाठ. शाळेचं संमेलन असो, नवं दुकान उघडायचं असो, लग्न असो, एर्चिमला बोलवायचं. तो गुडघा टेकून विस्तवाला लोण्याचा घास द्यायचा, घोडीच्या दुधाचे थेंब शिंपडायचा, “हे शुभ्रकेशा, हे निळ्या श्वासाच्या पितामहा” म्हणून असा सूर लावायचा की बाया डोळे पुसायच्या. सकाळी ज्या हातानं डायपर कोंबला, संध्याकाळी त्याच हातानं लोणी. मला किळस यायची ती याचीच जास्त. धुराची किळस नाकापुरती असते.

“एर्चिम,” मी म्हटलं, “माझ्या पिण्याच्या बर्फावर तुझ्या पोराची लंगोटी येऊन बसलीय.”

“आजी, सकाळी सकाळी काय हो! मला दुकानाच्या आशीर्वादाला जायचंय.”

“तोंडानं पितामह म्हणतोस आणि घरी त्याच्या तोंडात घाण कोंबतोस. लाज नाही वाटत?”

त्यानं चवरी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “तुम्ही नाही का आयुष्यभर खोट्या वेण्या लावून रडलात? ते नाटक, हेही नाटक. लोकांना बरं वाटतं. तुम्हाला तरी कळायला हवं.”

बोचलं. खरंच बोचलं. पण आम्ही रंग लावायच्या आधी तोंड धुवायचो, आणि उतरवल्यावरही. हे मला तेव्हा सुचलं नाही. घरी येऊन, लाद्या कुऱ्हाडीनं तासताना सुचलं.

मग एक गंमत सुरू झाली. तिला गंमत म्हणायची की काय, कोण जाणे. एके सकाळी दार वाजलं. धुकं इतकं दाट की दार उघडल्यावर आधी ढग आत आला, मग त्यातून मोतुरूना. पापण्यांवर बर्फ. तिनं हातमोज्यातून काहीतरी काढलं. लोणी लावलेली आलाडी.

“मला?” मी म्हटलं.

“तुझं तोंड बघ. त्याला.” आणि माझ्या चुलीचं दार उघडून तिनं ती आत ठेवली. “खा, आजोबा.”

“अगं, तुझी चूल पेटलेली आहे ना?”

“आहे. पण त्या तोंडात अन्न घालवत नाही मला. मळमळतं.”

त्यानंतर ती रोज यायची. पहिली आलाडी करायची आपल्या घरी, आणि ती हातमोज्यात ऊब धरून रस्ता ओलांडून माझ्या चुलीला द्यायची. आमच्या गावात याचा अर्थ सरळ होतो: त्या घरची आग मेली. विहिरीशी बसून बोलावं असं आमच्याकडे काही नाही, पण दुकानातली रांग आहे. रांगेत कुजबुज सुरू झाली. ती एर्चिमच्या कानावर गेली. आशीर्वाद म्हणणाऱ्याच्याच घरची चूल मेलेली, हे त्याला परवडणारं नव्हतं.

“मावशी, माझं नाक कापतेस गावात.”

“तुला नाक आहे? मग वास कसा येत नाही?”

मी तिला एकदा विचारलंच, “घालव ना त्याला. घर तुझं, चूल तुझी.”

तिनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली. “घालवला की तुयारा मला नेते. मी तोंडानं कबूल केलंय. तो आहे म्हणून मी इथं आहे, नटवे. म्हणून गिळते.” मग बशी खाली ठेवली. “पण आता गळ्यापर्यंत आलंय.”

मला ती “नटवे” म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

हिवाळा ओसरायच्या बेतात होता पण थंडी अजून सोडत नव्हती, तेव्हा तुयाराचा फोन आला. तिचा मुलगा साँदाल लग्न करत होता. शहरात लग्न, आणि दुसऱ्या दिवशी नवी सून, साईना, आजीच्या चुलीला नमस्कार करायला येणार. आमच्याकडे सून आली की तिनं सासरच्या मूळ चुलीत तीन लाकडं आपल्या हातानं घालायची. मग ती त्या घरची. नाव नोंदवणं, अंगठ्या, जेवणावळी हे सगळं त्याच्या आधीचं किंवा नंतरचं. सून खरी होते ती लाकडं पेटल्यावर.

मोतुरूना माझ्यासमोरच आनंदानं रडली, आणि डोळे पुसून लगेच एर्चिमकडे वळली.

“सून यायच्या आधी एक दिवस चूल विझवू. मी आतून सगळी खरवडून काढते. धुराड्यात डांबर साचलंय, धूर खोलीत उलटतोय.”

“या थंडीत? घर दिवसभरात गोठेल. बाळाचं काय?”

“बाळाला घेऊन समोर जा. हिच्याकडे.”

“आणि मावशी, सून काय धुराड्यात डोकावून बघणार आहे? चुना दे वरून. मी आशीर्वाद असा म्हणेन की तिची आई जन्मभर सांगेल.”

मोतुरूनानं चुना दिला. पांढरीशुभ्र चूल, दिसायला नवरीसारखी. वर धुराड्याच्या कडेवरून तपकिरी डांबर ओघळून गोठलेलं, शेंबड्या पोराच्या नाकासारखं. त्याला चुना लागत नव्हता.

ते आले ते दुपारी, उजेडात. दोन गाड्या. तुयारा नव्या कोटात, साँदाल, आणि साईना: उंच, लाजाळू, कपाळावर चांदीची पट्टी, हातात साल काढलेली तीन लाकडं, लाल धाग्यानं बांधलेली. तिची आई आणि मावशी मागून. गावातली जुनी माणसं भिंतीला लागून बसली. मोतुरूनानं आपल्या आईची चांदी घातली होती. ती चुलीच्या उजव्या बाजूला उभी राहिली, घरच्या मालकिणीच्या जागी. एर्चिम डाव्या बाजूला, टोपी, चवरी, लाकडी पेल्यात घोडीचं दूध.

त्यानं सूर लावला. खोटं कशाला बोलू, सूर सुंदर होता. साईनाच्या आईचे डोळे भरून आले. तो म्हणाला, “जिथं कधी राख थंड झाली नाही, जिथं कधी अशुद्ध पडलं नाही, त्या पवित्र तोंडात, हे कन्ये...” आणि गुडघा टेकून त्यानं एका झटक्यात चुलीचं लोखंडी दार उघडलं.

पाहुणे यायचे म्हणून घर आवरायचं होतं ना. सकाळपासूनचं सगळं त्यानं आत लोटलं होतं. चांदीचे कागद, माशांची कातडी, पिशव्या, आणि सगळ्यांच्या वर, नुकताच टाकलेला, फुगून वितळत असलेला डायपर. त्यावर निळं अस्वल होतं. अस्वल हसत होतं आणि त्याचं तोंड हळूहळू खाली गळत होतं. दार उघडल्याबरोबर काळ्या धुराचा एक लोट बाहेर आला आणि नवरीच्या छातीवरच्या चांदीवर बसला.

साईनाच्या मावशीनं रुमाल नाकाला लावला. साईना लाकडं धरून तशीच उभी. एर्चिम पटकन म्हणाला, “घाल, पोरी, घाल, त्याच्या मागे विस्तव आहे.”

साईनानं हात पुढे केला. आणि मोतुरूनानं तिचं मनगट धरलं.

“नको.”

“आई!” तुयारा म्हणाली.

“नको घालू, बाळा. हे तोंड खाण्याचं राहिलेलं नाही. इथं आम्ही कचरा टाकतो.” तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच शेवटच्या बाकावर, म्हणजे दाराशी बसलेल्या माझ्यापर्यंत तो स्पष्ट आला. “मी बघत आले आणि गप्प बसले. हे घर सुटू नये म्हणून गप्प बसले. पण तुझ्या हातानं या घाणीवर लाकूड पडलं तर मी तुला कसल्या घरात घेतलं?”

“मावशी, लोकांसमोर तमाशा...” एर्चिम.

“टोपी काढ ती. आणि बादली आण.”

त्यानं आणली नाही. मी आणली. मोतुरूनानं चांदी उतरवून खिडकीत ठेवली, बाह्या सारल्या आणि राखेच्या फावड्यानं चुलीतलं सगळं बाहेर ओढलं: जळतं, धुमसतं, ठिबकतं. साँदालनं बादल्या उचलल्या आणि अंगणातल्या बर्फावर ओतल्या. दारं खिडक्या उघड्या, लोक कोट घालून बाहेर. पांढऱ्या बर्फावर तो ढीग पाहून एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. तारा, बुटाच्या टाचा, प्लास्टिकचे वितळून दगड झालेले गोळे, न ओळखता येणारं बरंच काही. मी आयुष्यात पुष्कळ प्रसंगांत ओकारी आल्याचं सोंग केलंय. त्या दिवशी सोंग करावं लागलं नाही.

एर्चिम पायरीवर उभा राहून म्हणाला, “आता आजोबांसाठी ओला कचरा, सुका कचरा वेगळा करा म्हणजे झालं!” कुणी हसलं नाही. त्याला प्रेक्षकांची सवय होती, हे न हसणं त्याला सहन झालं नाही. तासाभरात त्यानं बायको-मुलाला गाडीत घातलं आणि शेजारच्या गावातल्या सासुरवाडीला निघून गेला. जाताना नारियानं मोतुरूनाचे हात एकदा घट्ट धरले आणि सोडले.

पुढचं अधिक वाईट होतं. साँदाल छपरावर चढला, धुराड्यात वजन बांधलेला ब्रश सोडला. खाली, चुलीच्या पोटातून, डांबराचा काळा गठ्ठा निघाला, त्याच्या मागून विटांचे तुकडे. गावातला चूल बांधणारा सेमेन्चिक येऊन आत हात घालून बघत राहिला.

“आतून कधीतरी पेटलंय हे डांबर,” तो म्हणाला. “धुराची वाट फुटलीय. आता पेटवलीस तर धूर भिंतीतून खोलीत येईल, झोपेतच जाशील. आणि या थंडीत माती धरत नाही. उन्हाळ्याशिवाय काही नाही, मोतुरूना.”

ती बराच वेळ त्या भगदाडाकडे बघत होती. तुयारा तिच्या मागे उभी होती. तुयारानं “मी म्हणत होते ना” म्हटलं नाही, हे मी तिच्या खात्यात जमा धरते.

“कपडे बांध, आई.”

“बांधते.”

साईनाची लाकडं त्या गडबडीत कुठे गेली कोण जाणे. तिनं कुठल्याच चुलीत घातली नाहीत एवढं खरं. मी माझ्या चुलीसाठी विचारलं तर म्हणाली, “आजी, राग नको. मला त्याच घरात घालायचीत.” साईनाची आई रागावून आधीच गाडीत जाऊन बसली होती.

मोतुरूनाच्या खिडकीतली जिरेनियमची रोपं त्याच संध्याकाळी काळी पडली. तळघरातले बटाटे मी आणि शेजाऱ्यांनी वाटून घेतले. घर गोठलं की भिंतींच्या ओंडक्यांतून बंदुकीसारखे आवाज येतात. मी ते आवाज समोरून ऐकत राहिले आणि एर्चिमला माझ्या घशातली जेवढी उरली होती तेवढी सगळी भाषा वाहिली. आठवड्यानं तोच माणूस गावच्या सभागृहात पुन्हा टोपी घालून उभा होता. बाया पुन्हा डोळे पुसत होत्या. मी उठून बाहेर आले.

मोतुरूना शहरातून फोन करायची.

“कशी आहेस?”

“गरम आहे.”

“मग बरंय की.”

“काय बरं? भिंतीला लोखंड लावलंय, ते आपोआप तापतं. त्याला भूक लागत नाही, राख होत नाही. मी सकाळी उठते आणि हात कुठं ठेवू कळत नाही. तुयारा चांगलं वागवते गं. नातसून रोज येते. पण मला इथं कुणाला काही द्यावं लागत नाही.” मग, “तुझी चूल ओढते ना नीट?”

नदीचा बर्फ फुटून वाहून गेला, पहिली बोट आली, आणि तिच्यातून मोतुरूना उतरली. मागे तुयारा, “फक्त आठवड्यासाठी” असं तीनदा म्हणत. साँदाल आणि साईनाही. सेमेन्चिकनं चूल छातीपर्यंत उतरवली. साईना मोतुरूनाबरोबर खड्ड्यात उतरून पायांनी चिकणमाती मळत होती, झगा गुडघ्यांवर खोचून. दोघींच्या गप्पा ऐकायला गाव थांबायचं.

“आजी, किती वेळ तुडवायची?”

“टाच उचलताना माती ‘नको जाऊ’ म्हणेल तोवर.”

“म्हणतेय की मघापासून!”

“ती तुझी आळशी टाच म्हणतेय.”

नवी चूल उभी राहिली, भिजल्या मातीचा वास घरभर. ती वाळवायला रोज थोड्या ढलप्या पेटवायच्या, तेही करून झालं. मग पूर्ण आग धरायचा दिवस. साईनानं तीन नवी लाकडं तोडून, सोलून आणली. साँदालनं अंगणात लाकडं फोडून रचून ठेवली होती, पुढच्या हिवाळ्याला पुरतील एवढी. तुयारा त्या रचलेल्या भिंतीकडे बघत पायरीवर बसली होती. तिचा आठवडा कधीच संपला होता, पण तिनं ना जायचं म्हटलं ना न्यायचं.

आणि फाटक वाजलं. एर्चिम. पांढरी टोपी, चवरी, हातात दुधाचा पेला.

“मावशी, नवी चूल आशीर्वादाशिवाय पेटवतात का? झालं गेलं सोडून दे. मी आपला माणूस.”

मोतुरूनानं त्याच्याकडे पाहिलं. पडवीत एक पोतं होतं. चुलीच्या पोटातून निघालेलं डांबर, वितळलेले गोळे, तो अंगणातला ढीग, सगळं साँदालनं त्यात भरलेलं. उरलेला हिवाळाभर गोठून गप्प होतं ते आता उन्हानं सुटलं होतं. माश्या घोंगावत होत्या. बुडाशी काळं पाणी साचलेलं.

“बरं झालं आलास,” ती म्हणाली. “आशीर्वाद दे. पण आधी हे उकिरड्यावर टाकून ये. वाट मोकळी झालीय.”

एर्चिमनं पोत्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पांढऱ्या बाह्यांकडे.

“मावशी, हे कपडे... नंतर नेतो ना.”

“मग आशीर्वादही नंतर.”

त्यानं फाटकाकडे पाहिलं. वाक्य विसरलेले नट मी पुष्कळ पाहिलेत, विंगेकडे तसेच बघतात. मग त्यानं पेल्यातलं दूध स्वतःच पिऊन टाकलं आणि फाटक न लावता निघून गेला. त्याला वाईट वाटलं असेल का, मला माहीत नाही, आणि माझ्या औदार्याला तेवढी मजल मारता येत नाही.

तुयारा पायरीवरून उठली. शहरी बूट, शहरी झगा. तिनं नाक दाबलं, दुसऱ्या हातानं पोत्याचं एक टोक उचललं.

“हिवाळ्यात रोज फोन करायचा,” ती म्हणाली. आवाज दाबलेल्या नाकातून येत होता, त्यामुळे रागावलेला की रडवेला ते कळलं नाही. “रोज, आई. आणि बर्फाच्या लाद्या तू ओढायच्या नाहीस. ओढल्यास तर त्याच दिवशी नेईन. ऐकलंस?”

“ऐकलं,” मोतुरूना म्हणाली आणि दुसरं टोक धरलं. “चल आता. वास येतोय.”